कोंबडीचे अंडे आणि तिची मज्जासंस्था

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमरावती जिल्ह्यातील एका पंचायत समितीच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा प्रसंग आला होता. विषयपत्रिकेच्या शेवटी कुक्कुटपालनाच्या लाभार्थींचा एक विषय होता. जुलै महिन्यात एका शेतमजूर बाईला अनुदानावर 25 माद्या व 3 नर अशा तलंगांचा गट मिळाला होता. तलंग म्हणजे आठ ते दहा आठवडे वयाचा वाढता पक्षी. पाच महिने उलटले, पक्षी अंगाने भरले, पण एकानेही अंडे दिले नाही. सभागृहात दोन तर्क पुढे आले. पुरवठा झालेले पक्षीच निकृष्ट असावेत, हा पहिला; आणि बाईने खाद्य विकून पक्ष्यांना उपाशी ठेवले असावे, हा दुसरा. कार्यालयीन टिपणीत दुसऱ्या तर्काला झुकते माप होते. "संगोपनाकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसून येते, सबब पुढील लाभास अपात्र ठरविण्यात यावे," असा शेरा प्रस्तावित होता.

बाई दाराशी उभी होती. तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पाखरं धडधाकट हायेत साहेब, पन अंड्याचं नाव नाही."

बैठकीस आलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. पक्षी दिवसभर कुठे असतात? बाईचे उत्तर असे की कापसाची वेचणी सुरू असल्याने ती दिवस उजाडताच शेतावर जाते. मागे मुंगसाने दोन तलंगा नेल्या, तेव्हापासून ती पक्ष्यांना कोठ्यात कोंडून जाते आणि संध्याकाळी पाचला परतल्यावर तासभर अंगणात सोडते. कोठ्याला खिडकी नाही. "मग अंडे येईल कसे?" अधिकारी म्हणाले, "त्यांच्या मेंदूच्या लेखी अजून रात्रच आहे."

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्याला तो विनोद वाटला. पुढे या विषयाचे वाचन केल्यावर आणि जाणकारांकडून समजून घेतल्यावर कळले की ते वाक्य शब्दशः खरे होते. कोंबडीच्या अंड्याचा विचार करताना आपण दाणा, पाणी आणि लस यांपाशी थांबतो. अंडे केव्हा तयार व्हावे, केव्हा बाहेर पडावे आणि केव्हा मुळीच होऊ नये, हे ठरविणारी जी यंत्रणा पक्ष्याच्या शरीरात आहे, तिची दखल शासकीय टिपण्यांत क्वचितच घेतली जाते.

अकोल्यातील विच्छेदन

अकोला हे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे जुने केंद्र आहे. 1969 साली तेथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील पशुवैद्यक संस्था आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात समाविष्ट आहे. अकोल्यातच एका जाणकार शिक्षकाने अंड्यावर असलेल्या एका कोंबडीचे विच्छेदन करून दाखविले.

पोट उघडताच डाव्या बाजूस, पाठीच्या कण्याला व मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला चिकटलेला, पिवळ्या द्राक्षांच्या घोसासारखा अंडाशय दिसला. त्यात पाच-सहा मोठे बलक चढत्या आकाराने लागलेले, आणि त्यांच्या मागे मोहरीएवढ्या, खसखशीएवढ्या दाण्यांची दाटी. सर्वांत मोठा बलक उद्याच्या अंड्याचा, त्याखालचा परवाच्या. उजव्या बाजूस मात्र काही नव्हते. गर्भावस्थेत दोन्ही बाजूंना अंडाशयाचा अंकुर असतो, परंतु कोंबडीत उजवा खुरटतो आणि डावाच वाढतो.

प्रत्येक बलक एका देठाने घोसाला लोंबकळतो. या देठातून रक्तवाहिन्या जातात हे पूर्वीपासून ठाऊक होते. एडिंबरा येथील संशोधक ए. बी. गिल्बर्ट यांनी 1965 साली दाखवून दिले की या देठातून मज्जातंतूंचेही भरपूर जाळे बलकाच्या आवरणात पसरते. अंडाशयाला लागूनच अधिवृक्क ग्रंथी असते आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचा एक गुंता असतो. अंडाशयाकडे जाणारे तंतू बव्हंशी या गुंत्यातून निघतात. भीती, उष्णता, उपासमार यांची पहिली वर्दी ज्या ग्रंथीला मिळते, तिच्याच शेजारी आणि तिच्याच तारांना जोडून निसर्गाने अंड्याचे कोठार ठेवले आहे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा शेजार ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अंडाशयाखाली अंडनलिका सुरू होते. अंड्यावरील कोंबडीत तिची लांबी साठ ते सत्तर सेंटीमीटर भरते. तिचे वरचे तोंड नरसाळ्यासारखे असून सुटलेला बलक ते झेलते. तेथे बलक पंधरा ते तीस मिनिटे असतो, आणि नर-मादीचा संयोग झालेला असल्यास फलन तेथेच होते. पुढच्या भागात सुमारे तीन तासांत पांढरा भाग चढतो, त्यानंतरच्या अरुंद भागात तासा-सव्वातासात दोन पातळ पापुद्रे बसतात आणि मग अंडे कवचग्रंथीत येते. येथे ते सुमारे वीस तास राहते. अखेरचा भाग स्नायूंच्या दाराचा. तो काही मिनिटांत ओलांडला जातो.

या नलिकेच्या वरच्या भागाला महारोहिणीच्या कडेने येणारे तंतू मिळतात. खालच्या भागाला, विशेषतः कवचग्रंथीला व तिच्या पुढील दाराला, दुहेरी पुरवठा आहे. कमरेकडून येणारे तंतू अनुकंपी मज्जासंस्थेचे. माकडहाडाच्या बाजूने, श्रोणीतून येणारे तंतू परानुकंपी मज्जासंस्थेचे. पहिली संस्था संकटकाळाची, दुसरी स्वस्थतेची, असे ढोबळमानाने समजावे. या दाराजवळ मज्जापेशींचे पुंजके विशेष दाट आढळतात. याशिवाय पक्ष्यांत आतड्याच्या कडेने अवस्करापासून वरपर्यंत जाणारी गाठीगाठींची एक स्वतंत्र नस असते. रॉबर्ट रेमाक या एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. आपल्याकडील विद्यार्थी सस्तन प्राण्यांची शरीररचना आधी शिकतात आणि मग ही नस पाहून बुचकळ्यात पडतात, कारण ती गाईम्हशीत नसते.

तार आणि टपाल

येथे शिक्षक वाचकांच्या मनात प्रश्न येईल की अंडाशयाचा कारभार संप्रेरकांवर चालतो असे पाठ्यपुस्तकात असते, मग मज्जातंतूंचे काम काय? एका उपमेने हे सांगता येईल. मज्जातंतू म्हणजे तार. निरोप क्षणात आणि ठरलेल्या पत्त्यावर जातो. संप्रेरक म्हणजे टपाल. रक्तातून सावकाश सर्वत्र फिरते, पण ज्याच्या दाराला त्याची पेटी असेल तोच ते उघडतो. (आपल्या देशातील तारसेवा 2013 साली बंद झाली. तरुण शिक्षकांना ही उपमा समजावून सांगावी लागेल, हेही खरे.) कोंबडीच्या शरीरात तार आणि टपाल यांची सांगड मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात घातली जाते. बाहेरच्या जगाची बातमी तेथे मज्जातंतूंनी येते. तेथील मज्जापेशी स्वतःच एक संप्रेरक स्रवतात, ते शेजारच्या पोष ग्रंथीस पोहोचते, आणि पोष ग्रंथी अंडाशयास कामाला लावणारी संप्रेरके रक्तात सोडते.

ही बातमी कोणकोणती असते? उजेडाची, स्पर्शाची, भीतीची आणि उष्णतेची. चौघींचा विचार वऱ्हाडच्या घरांत आणि अंगणांत करावयाचा आहे.

उजेड कवटीतून जातो

पक्ष्यांना उजेड डोळ्यांनी कळतो, यात नवल नाही. परंतु अंड्याचा हंगाम ठरविणारा उजेड त्यांना डोळ्यांवाचूनही कळतो. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग केले. डोळे झाकले, काढूनही टाकले, तरी दिवस मोठा होताच बदकांची जननेंद्रिये वाढू लागली. स्फटिकाच्या बारीक कांडीने उजेड थेट मेंदूच्या तळापर्यंत नेला, तेव्हाही तोच परिणाम दिसला. पक्ष्याची कवटी पातळ असते. उजेडाचा, विशेषतः तांबड्या उजेडाचा, काही अंश पिसे, त्वचा आणि हाड पार करून आत पोहोचतो, आणि मेंदूतच असलेल्या प्रकाशग्राही पेशी तो टिपतात. हे बरीच वर्षे अनेकांना पटत नव्हते. 2008 ते 2010 या काळात जपानमधील नागोया येथील संशोधकांनी लाव्हा पक्ष्याच्या मेंदूतील असे एक प्रकाशग्राही प्रथिन आणि त्यापुढील निरोपाची साखळी उलगडली. त्यापूर्वी, 2000 साली, जपानी संशोधकांनीच लाव्ह्याच्या मेंदूत उलट काम करणारे, म्हणजे पोष ग्रंथीला आवर घालणारे एक द्रव्यही शोधले होते. चालना आणि लगाम दोन्ही मेंदूच्याच हाती असतात.

आता अमरावती-अकोल्याचा दिवस पाहू. आपल्या अक्षांशावर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तास 20 मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे 10 तास 50 मिनिटांचा असतो. अंड्यावरील कोंबडीस 14 ते 16 तास उजेड लागतो असे कुक्कुटपालनाचे शास्त्र सांगते. म्हणजे भर उन्हाळ्यातही आपला दिवस थोडा तोकडाच पडतो. जुलैत वाटप झालेल्या तलंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात वयात येतात. त्यांच्या वाढीचा सारा काळ दिवस लहान होत जाण्याचा असतो, आणि मावळत्या दिवसांत पक्षी उशिरा वयात येतो. त्यात परसातील पालनासाठी दिल्या जाणाऱ्या सुधारित जाती मुळातच सुमारे सहा महिन्यांच्या झाल्यावर अंड्यावर येतात. वाटपापासून नव्हे, जन्मापासून सहा महिने. तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने पक्ष्याचे वय आणि महिना दोन्ही ध्यानात घेतले नाहीत, तर तो चांगल्या पक्ष्यालाही नापास करील. आणि आपल्या बाईच्या कोंबड्यांना तर दिवस मिळत होता तासाभराचा.

उपाय खर्चिक नाही. पिसांवर पडलेला उजेड पक्ष्याला जाणवावा, माणसाला वर्तमानपत्राचे मथळे वाचता यावेत, एवढा प्रकाश पुरतो. एका लहान खोलीस एक साधा दिवा. तो संध्याकाळी लावण्यापेक्षा पहाटे लावावा. संध्याकाळचा दिवा एकदम विझला तर पक्षी दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात आणि एकमेकांवर गर्दी करतात. पहाटेचा दिवा मात्र दिवस उजाडला की आपसूक निरुपयोगी होतो. डिसेंबरात पहाटे चारला दिवा लावला तर सूर्यास्तापर्यंत जवळजवळ चौदा तास भरतात. परंतु हा वाढीव उजेड एकदम देऊ नये, आठवड्याला अर्धा तास याप्रमाणे वाढवावा, आणि तलंग वाढीच्या वयात असताना तर मुळीच वाढवू नये. वेळेआधी अंड्यावर आणलेल्या पक्ष्याची अंडी बारीक राहतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. तसेच एकदा वाढविलेला उजेड अंड्याच्या हंगामात कमी करू नये. आज दिवा, उद्या अंधार असे झाले की मेंदूतील हिशेब चुकतो आणि पक्षी पिसे गाळू लागतो.

नागा का पडते

घरोघरी कोंबडीचा एक क्रम पाहावयास मिळतो. ती आज सकाळी सातला अंडे देते, उद्या आठला, परवा साडेनऊला, असे करीत दुपारवर येते आणि मग एक दिवसाची नागा करते. घरची माणसे म्हणतात, कोंबडी दमली. खरे कारण असे की एक अंडे पुरे होण्यास 24 नव्हे तर सुमारे 25 ते 26 तास लागतात, आणि बलक सोडविणारा पोष ग्रंथीचा निरोप रात्रीच्या ठराविक आठ-दहा तासांतच निघू शकतो. रोजचा उशीर साचत जातो आणि एक दिवस तो निरोप त्या मुदतीबाहेर पडतो. मग मेंदू एक रात्र थांबतो आणि पुन्हा नव्याने प्रारंभ करतो.

नलिकेत अंडे असताना दुसरे सुटू नये, याचीही काळजी मज्जासंस्था घेत असावी. 1953 साली अमेरिकेत ह्यूस्टन व नलबंडॉव्ह यांनी कोंबड्यांच्या अंडनलिकेत, पांढरा भाग तयार होतो त्या ठिकाणी, दोऱ्याचा एक फास बसविला. कोंबड्या निरोगी राहिल्या, तुरा लाल राहिला, अंडाशय शाबूत राहिला, पण कित्येक दिवस बलक सुटेना. नलिकेतील दोऱ्याने मज्जातंतूंद्वारे मेंदूला जणू सांगितले की वाट अडलेली आहे, थांबा.

अंडे बाहेर पडण्याची क्रिया मात्र काहीशी वेगळी आहे. पोष ग्रंथीच्या मागच्या भागातून येणारे संप्रेरक आणि नुकत्याच फुटलेल्या बलकाच्या रिकाम्या आवरणातील द्रव्ये कवचग्रंथीला आकुंचन करण्यास लावतात. ते रिकामे आवरण काढून टाकले तर अंडे घालणे लांबते, हे रॉथचाइल्ड व फ्रॅप्स यांनी 1944 साली दाखविले. अंडे अखेरच्या दाराशी आले की त्या दाबाने पोटाचे स्नायू आपोआप जोर करतात. ब्रिटिश संशोधक साइक्स यांनी 1950 च्या दशकात पाठीचा मज्जारज्जू छेदलेल्या कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणात अशा कोंबड्यांनाही अंडे घालता आले. म्हणजे ही शेवटची प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या आज्ञेवाचूनही होऊ शकते.

भीती आणि ऊन

मेंदूवाचून अंडे पडू शकत असले तरी मेंदू त्याला अडवू शकतो, ही बाब व्यवहारात महत्त्वाची आहे. कोंबडीस अॅड्रेनलिन टोचले असता अंडे घालणे लांबते. घाबरलेल्या कोंबडीच्या शरीरात हेच द्रव्य आपोआप उसळते. कुत्र्याने खुराड्यावर झेप घेतली, दिवाळीत दाराशी फटाक्यांची माळ लागली, लग्नाच्या वरातीत कर्णे वाजले, की दुसऱ्या दिवशी अंडी उशिरा येतात. कवचग्रंथीत अधिक वेळ अडकून राहिलेल्या अंड्यावर चुन्याचा जादा थर किंवा कडे दिसते. ग्राहक अशा अंड्याला रोगट समजतो. त्यात रोग नसतो. आदल्या दिवशीच्या भीतीची ती खूण असते.

वऱ्हाडातील खरा शत्रू ऊन होय. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जाणे आपणास नवे नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंश असते आणि तिला घाम येत नाही. तिला उष्णता टाकण्याचा एकच मार्ग राहतो, तो म्हणजे चोच उघडून धापा टाकणे. धापांबरोबर रक्तातील कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर जातो, रक्ताचा गुण बदलतो, आणि कवचासाठी लागणारी द्रव्ये कवचग्रंथीस पुरेशी मिळेनाशी होतात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते एका रात्रीत जमवावयाचे असते. म्हणून वैशाखातली अंडी पातळ कवचाची निघतात आणि शहरात पोहोचेपर्यंत फुटतात. त्याच वेळी उष्णतेची वर्दी मेंदूस पोहोचते, चालना देणारे संप्रेरक उतरते आणि अंड्यांची संख्या घटते. दाणा कितीही चांगला घातला तरी दुपारी पक्षी तो खातच नाही. उन्हाळ्यात दाणा पहाटे व सूर्यास्तानंतर घालावा, हे त्यामुळेच.

टिनाच्या छपराखालील खुराडे म्हणजे मे महिन्यात भट्टीच. छपरावर पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्यांचा जाड थर टाकणे, वाऱ्याच्या बाजूस पोत्याचे ओले पडदे सोडणे, पाण्याची मातीची भांडी सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदलणे, हे आपल्या गावांतील लोक माणसांसाठी करीतच असतात. तेच पक्ष्यांसाठी करावयाचे आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पडदे ओले करून हवा कोंडली तर आत दमटपणा वाढतो आणि धापा निष्फळ होतात. वारा वाहता असला तरच ओल्या पडद्याचा उपयोग.

कोंबड्याविषयी थोडे

नराच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. त्याचे दोन्ही वृषण पोटातच, मूत्रपिंडांच्या टोकाशी असतात. तेथेही कण्याच्या कडेने येणारे अनुकंपी तंतू पोहोचतात. नराच्या वृषणांची वाढही उजेडावरच अवलंबून असते. पाठीवरून शेपटीकडे हात फिरविला असता श्रोणीतील मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने वीर्य मिळते, ही पद्धत बरोज व क्विन यांनी 1930 च्या दशकात रूढ केली. मोठ्या पैदास केंद्रांवरील कृत्रिम रेतन आजही तिच्यावर चालते. मादीच्या नलिकेत वीर्य साठविण्याच्या सूक्ष्म नळ्या असतात, म्हणून नर दूर केल्यावरही आठवडा-दोन आठवडे फलित अंडी मिळत राहतात. उबवणीसाठी अंडी जमविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. विशिष्ट नराची पिले हवी असतील तर आधीचा नर दोन-तीन आठवडे अगोदर काढलेला बरा.

खुडूक

आता स्पर्शाची बातमी. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि एके दिवशी घरट्यातून उठत नाही. हात लावला तर पिसे फुलवून घुर्र करते. आपण म्हणतो, कोंबडी खुडूक बसली.

हे घडते ते असे. घरट्यातील अंड्यांचा स्पर्श पोटाखालच्या त्वचेस होतो. या त्वचेवरील पिसे विरळ होतात, तिचा रक्तपुरवठा वाढतो आणि ती संवेदनक्षम होते. स्पर्शाचा निरोप त्वचेच्या मज्जातंतूंनी मेंदूस जातो, हायपोथॅलॅमसमधील विशिष्ट पेशी जाग्या होतात, आणि पोष ग्रंथी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडते. प्रोलॅक्टिन वाढले की अंडाशय आकसतो. टर्की पक्ष्यात या त्वचेच्या मज्जातंतूंचा संबंध तोडून पाहिला असता प्रोलॅक्टिन उतरले, यावरून स्पर्शाचे महत्त्व सिद्ध झाले. पिले फुटल्यावरही त्यांचा सहवास प्रोलॅक्टिन काही काळ चढे ठेवतो.

गावातला हिशेब यातून उलगडतो. अंडी देण्यात पंधरा-वीस दिवस, उबवणीत 21 दिवस, पिलांमागे फिरण्यात दोन-अडीच महिने. एक फेरा शंभर दिवसांहून अधिक चालतो, आणि वर्षाला तीन-चार फेरे होऊन अंडी पन्नास-साठ भरतात. देशी कोंबडी आळशी आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या वर्षातील बहुतेक दिवस मातृत्वात जातात. तीनशे अंडी देणाऱ्या व्हाइट लेगहॉर्नमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा गुणच जवळजवळ नाहीसा केला गेला आहे.

खुडूक मोडण्याचे आपल्याकडील उपाय कडक आहेत. कोंबडीला थंड पाण्यात बुडवितात, नाकपुडीतून पीस ओवतात, पाय बांधून ठेवतात. यांपैकी पीस ओवणे ही निव्वळ क्रूरता आहे. त्या वेदनेने कोंबडी उठते, पण श्वासमार्गास इजा होऊन आजारी पडण्याचीच शक्यता अधिक. पाण्यात बुडविण्यामागे अर्धे तथ्य आहे, कारण पोटाखालची ऊब क्षणभर मोडते. मूळ मुद्दा ऊब व स्पर्श तोडण्याचा आहे. अंडी उचलून घ्यावीत, घरट्याची जागा बंद करावी आणि कोंबडीला जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या तळाच्या, जमिनीपासून उंच टांगलेल्या पिंजऱ्यात, भरपूर उजेडात, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. खालून वारा लागतो, पोटास काही टेकत नाही आणि मेंदूकडे जाणारा निरोप थांबतो. बसल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हे केले तर लवकर साधते. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी ती पुन्हा अंड्यावर येऊ शकते. पिले उबवावयाची असतील तेव्हा पिले तीन-चार आठवड्यांची होताच, त्यांच्या ऊबेची सोय करून, आईपासून वेगळी करावीत. महिना-दीड महिन्याची बचत होते.

परंतु खुडूक नेहमी मोडावीच असेही नाही. परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या सुधारित जातींच्या माद्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडील पाड्यांवर उबवणी यंत्र कोठून आणावयाचे? तेथील घरी एखादी मायाळू देशी कोंबडी असेल तर तीच यंत्र होय. सुधारित कोंबडीची दहा-बारा फलित अंडी तिच्याखाली संध्याकाळच्या अंधारात ठेवली तर ती आपली-परकी पाहत नाही. वाटपाच्या गटाबरोबर घरची जुनी देशी कोंबडी विकू नका, हे लाभार्थींना सांगणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

त्या बाईच्या प्रकरणात पशुधन विकास अधिकाऱ्यांनी टिपणीवर वेगळे मत नोंदविले. शेरा तात्पुरता मागे ठेवण्यात आला. कोठ्याच्या पूर्वेकडील भिंतीतला टिनाचा पत्रा काढून तेथे मुंगसाला न फाडता येणारी बारीक जाळी बसविली. दिव्याची व्यवस्था तिच्या मुलाने केली आणि पहाटे वेचणीला निघण्यासाठी चूल पेटविताना तो लावण्याचे काम बाईने स्वतःकडे घेतले. संक्रांत उलटल्यावर चार-पाच दिवसांनी पहिले अंडे मिळाले. फेब्रुवारीच्या तपासणीत रोजची बारा ते चौदा अंडी नोंदविली गेली. एक तलंग मात्र मध्येच देशी कोंबडीसारखी घरट्यात ठाण मांडून बसली होती, आणि बाईने तिला उठवू दिले नाही.